पेशंट शुद्धीवर आहे आणि ऑपरेशनला 'नको' म्हणतोय. पुढे नेमकं काय करायचं?

ग्रामीण_एमओ

ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत वारंवार उभा राहणारा प्रश्न मांडतोय. डॉक्टर, सिस्टर, कायदा जाणणारे, सगळ्यांनी लिहावं.

उदाहरणादाखल असा पेशंट धरा. साठीचा पुरुष, जुना मधुमेह. उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलंय, पाऊल सुजलंय, पू आहे, वास येतोय. ताप १०१, शुगर ३८०, बीपी अजून टिकून आहे. सर्जनचा सल्ला असा की गुडघ्याखाली पाय काढावा लागेल आणि उशीर करून चालणार नाही. पेशंट म्हणतो, "पाय कापायचा नाही. मेलो तरी चालेल." मुलगे बाहेर येऊन सांगतात, "त्यांना काय कळतंय? आम्ही सही करतो, तुम्ही भूल द्या."

अशा वेळी सहसा दोनपैकी एक होतं. एक तर मुलांच्या सहीवर पेशंटला ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नेतात, नाही तर 'नॉट विलिंग' लिहून, कागदावर अंगठा घेऊन घरी पाठवतात. दोन्ही चूक आहे हे कळतं, पण रात्री अकरा वाजता ड्युटीवर एकटा डॉक्टर असताना बरोबर काय, याची पायरीवार माहिती कुठे एकत्र मिळत नाही. मुलांच्या सहीला किंमत किती? पेशंटला खरंच समजतंय हे ठरवायचं कसं? नकारानंतर आपली जबाबदारी कुठवर? आणि सगळ्यात अवघड म्हणजे, नकार देऊन सहा तासांनी तो बेशुद्ध झाला तर?

पायाचा_सर्जन

"पाय कापायचा नाही" हे ऐकलं की आपण 'ऑपरेशनला नकार' लिहून मोकळे होतो. आधी नकार नेमका कशाला आहे ते सुटं करा. या पेशंटसमोर एकच ऑपरेशन नाही. पू मोकळा करून मेलेलं मांस काढणं ही एक गोष्ट, काळी बोटं काढणं ही दुसरी, पावलाचा पुढचा भाग काढणं तिसरी आणि गुडघ्याखाली पाय काढणं चौथी. सलाईन, अँटिबायोटिक, इन्सुलिन या तर आणखीच वेगळ्या गोष्टी. यातली प्रत्येक वेगळी विचारली तर अनेकदा पेशंट म्हणतो, "पू काढा, बोटं गेली तरी चालतील, पण पाय नको." हा अर्धा होकार आहे आणि तो फार मोलाचा आहे. पू मोकळा झाला तर ताप उतरतो, डोकं स्वच्छ होतं, आणि पुढचं बोलायला एक-दोन दिवस मिळतात.

मात्र अर्ध्यावर थांबण्याची किंमतही सांगा: "एवढ्यानं भागलं नाही तर पुन्हा ओटीत जावं लागेल, आणि तोवर वर चढलं तर गुडघाही जाईल." गुडघा वाचला तर कृत्रिम पायावर चालणं बरंच सोपं जातं. मांडीतून काढावा लागला तर चालायला कितीतरी जास्त दम लागतो. हा फरक कित्येकांना कुणी सांगितलेलाच नसतो. त्यांच्या डोळ्यासमोर 'पाय' हा अख्खा पाय असतो. बोलताना आपल्या पायावर हात ठेवून दाखवा, कुठून कापणार आणि काय उरणार ते.

बोलायला जाण्याआधी तुमच्याकडेही उत्तरं हवीत. घोट्याच्या आणि पावलावरच्या नाड्या लागतात का, डॉप्लर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) झालाय का, एक्स-रेमध्ये हाड खाल्लंय का, मांसात वायू दिसतोय का, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) किती. सुकं गँगरीन (रक्त न पोचल्याने मेलेला, वाळलेला भाग) असेल, ताप-पू नसेल, तर घाई नसते. रक्तवाहिनी मोकळी करून घेता येईल का ते पाहायला वेळ असतो, कधीकधी सुकलेलं बोट आपोआप गळूनही पडतं. ओलं गँगरीन आणि अंगात विष भिनण्याची लक्षणं असतील तर गणित तासांचं असतं. सुक्याला ओल्याची भीती घालून सही घेणं ही फसवणूकच आहे, हेतू कितीही चांगला असो.

आणि कारण विचारा. "का नको?" असं दरडावून नाही, तर "कापला तर तुम्हाला सगळ्यात जास्त अडचण कशाची वाटते?" असं. उत्तरं फार ठोस येतात. पैसे हे एक. आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला) बोलवा, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते तिथल्या तिथे पाहू द्या. घरात उकिडवं बसायचा संडास आहे, मग सून उचलून नेणार का, हे दुसरं. भूल दिली की उठत नाही, अमुक गावचा अमका उठला नाही, हे तिसरं. कमरेखाली भूल देऊन होऊ शकेल का, हे भूलतज्ज्ञाला विचारून सांगा. "कापलेल्या पायाचं काय करता?" हेही विचारतात, आणि ते मनापासून विचारलेलं असतं. नियमाप्रमाणे तो पिवळ्या पिशवीतून जाळायला जातो, हे सरळ सांगावं. यातल्या काहींना उत्तर आहे, काहींना नाही. उत्तर असलेलं कारण न विचारता नोंदवलेला नकार हा पुरता नकार नव्हेच.

मनोविकार_विभाग

"त्यांना काय कळतंय" या वाक्याचं उत्तर तपासूनच द्यायचं असतं. वय, अडाणीपणा, मधुमेह, कानानं कमी ऐकू येणं, यातल्या कशानेही निर्णय घेण्याची क्षमता आपोआप जात नाही. मानसिक आजाराचं निदान असल्यानेही जात नाही. आणि निर्णय आपल्याला पटत नाही म्हणून तर मुळीच नाही. एक खटकणारी गोष्ट सांगतो: 'हो' म्हणणाऱ्याची क्षमता आपण कधी तपासत नाही. गुंगीतला माणूस मान हलवतो आणि आपण लगेच अंगठा घेतो. कसोटी दोघांना एकच हवी.

ही तपासणी उपचार करणाऱ्या डॉक्टरने करायची, तिला मनोविकारतज्ज्ञच लागतो असं नाही. चार गोष्टी पाहायच्या: सांगितलेलं समजतं का, ठरवेपर्यंत लक्षात राहतं का, स्वतःच्या परिस्थितीला लावून तोलता येतं का, आणि निर्णय कळवता येतो का. बोलूनच कळवायला हवा असं नाही, खुणेनेही चालतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्येही हाच गाभा आहे: माहिती समजणं, परिणामांची जाणीव असणं आणि बोलून वा खुणेने निर्णय सांगता येणं.

प्रश्न साधे ठेवा. "तुमच्या पायाला काय झालंय, तुमच्या शब्दांत सांगा." "काहीच केलं नाही तर काय होईल असं डॉक्टर म्हणाले?" "आणि ते तुमच्या बाबतीत होईल असं तुम्हाला वाटतं का?" "नको हे कसं ठरवलंत?" तिसरा प्रश्न बहुतेक जण गाळतात, आणि खरा पेच तिथेच असतो. "डॉक्टर म्हणतात विष चढेल, पण मला नाही चढणार, हे काळं म्हणजे नुसता मळ आहे" असं कुणी ठामपणे म्हणत असेल तर त्याला माहिती आठवतेय, पण ती स्वतःला लागू होत नाहीये. "चढेल, मरेन, पण दोन पायांवर मरेन" हा मात्र तोलून घेतलेला निर्णय आहे, ऐकताना कितीही जड गेला तरी.

ताप असलेल्या पेशंटमध्ये आधी डिलिरियम (आजाराने अचानक आलेला भ्रम) शोधा. फोर-एटी ही चाचणी दोन मिनिटांत होते: जागेपणा कसा आहे, वय-जन्मतारीख-ठिकाण-चालू वर्ष सांगता येतं का, वर्षाचे महिने उलटे म्हणता येतात का, आणि बदल अचानक झालाय किंवा कमीजास्त होतोय का. एकूण ४ किंवा जास्त गुण आले तर डिलिरियमची शक्यता धरा. आपल्याकडे दोन ठिकाणी गुण चुकतात. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला जन्मतारीख मुळातच ठाऊक नसते, आणि शाळा न पाहिलेल्याला जानेवारी-फेब्रुवारी उलटे येत नाहीत. अशा वेळी चैत्र-वैशाख किंवा वार उलटे विचारून लक्ष टिकतं का ते पाहा आणि 'असं विचारलं' हे लिहा.

दुरुस्त होण्यासारखं काही असेल तर ते आधी दुरुस्त करा. ग्लुकोमीटर पुन्हा लावा, कारण इन्सुलिन सुरू केल्यावर ३८० वरून ५० ला आलेला पेशंटही 'हट्टी' दिसतो. ऑक्सिजन, सोडियम, क्रिएटिनिन, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक औषधं बघा. रोज पिणारा असेल आणि भरती होऊन दोन-तीन दिवस झाले असतील तर दारू सुटल्याचा भ्रम. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी द्या. मराठी नीट येत नसेल तर त्याची भाषा बोलणारं मोठं माणूस आणा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारकडे भिली-पावरी बोलणारे आशाताई किंवा कर्मचारी सापडतात. दहा वर्षांच्या नातवाकडून "आजोबा, पाय कापू का" हे विचारून घेऊ नका.

क्षमता ही त्या निर्णयापुरती आणि त्या वेळेपुरती असते. संध्याकाळी बरळणारा पेशंट सकाळी सातला स्वच्छ असू शकतो. तासांची घाई नसेल तर सकाळी पुन्हा विचारा.

विष घेऊन आलेला पेशंट "मला मरू द्या" म्हणतो तेव्हा गोष्ट वेगळी. त्याचा नकार त्या क्षणी त्याच यातनेतून आलेला असतो. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर तीव्र ताण होता असं गृहीत धरतं आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं. मानसिक आजार असेल आणि जीव किंवा भरून न येणारं नुकसान टाळायचं असेल तर कलम ९४ खाली कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचा उपचार करू शकतो. नेमलेला प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घेऊन, जास्तीत जास्त ७२ तास. पोट धुणं, अॅट्रोपिन (विषावरचं औषध) यावर वाद घालत बसू नका.

ग्रामीण_एमओ

दोघांचेही आभार. मुलांच्या सहीचं काय? आमच्या छापील फॉर्मवर तर 'रुग्ण/नातेवाईक' असंच असतं, आणि नातेवाइकाची सही घेतली की सगळे निश्चिंत होतात.

वैद्यक_विधी

त्या तिरक्या रेघेनेच घोळ केलाय. १८ पूर्ण, शुद्धीवर, समज असलेल्या माणसासाठी बायको, नवरा, मुलगा, आई, कुणाच्याही सहीला कायद्यात त्याच्या संमतीची जागा नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी हे अगदी स्पष्ट केलं. ४४ वर्षांच्या बाईंनी दुर्बिणीतून तपासणीला संमती दिली होती. त्या भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. न्यायालय म्हणालं, रुग्ण सज्ञान आहे, तात्पुरती भुलीखाली आहे, जिवावर बेतलेलं नव्हतं, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं, म्हणून आईची संमती चालणार नाही.

त्याच निकालात काय काय सांगायला हवं तेही आहे: उपचाराचं स्वरूप, हेतू, फायदे आणि परिणाम, दुसरे पर्याय, मोठे धोके, आणि उपचार नाकारल्यास होणारे दुष्परिणाम. शेवटचा मुद्दा या धाग्यासाठी महत्त्वाचा. नकार देणाऱ्याला माहिती देणं हेही डॉक्टरचं कर्तव्य आहे. लाखात एखाद्याला होणारा दूरचा धोका सांगायलाच हवा असं मात्र न्यायालयाने म्हटलेलं नाही.

गोंधळाचं दुसरं मूळ २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियम ७.१६ मध्ये आहे. त्यात ऑपरेशनपूर्वी पती किंवा पत्नी, अल्पवयीन असल्यास आईवडील किंवा पालक, किंवा स्वतः रुग्ण, 'जसं प्रकरण असेल तसं' लेखी संमती घ्यावी अशी ओळ आहे. यातून 'नवऱ्याची सही लागतेच' असा समज रुजला. रुग्ण स्वतः ठरवू शकत असताना ती ओळ त्याला बाजूला सारत नाही.

मुलांना नीट सांगा, वाद घालू नका: "तुमची काळजी कळते. तुम्ही त्यांना समजवा, आम्हीही समजवतो. पण ते शुद्धीवर असताना त्यांच्या मनाविरुद्ध आम्हाला हात लावता येत नाही." आणि बोलण्याचा थोडा भाग मुलांना बाहेर बसवून करा. कधी मुलांच्या धाकाने 'हो' येतं, कधी मुलांवर खर्च नको म्हणून 'नको' येतं. दोन्ही एकांतातच उघड होतं.

आता बेशुद्ध झाला तर. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०, म्हणजे जुन्या दंडविधानाचं ९२, संमती मिळवणं अशक्य असताना सद्भावनेने, त्या माणसाच्या भल्यासाठी केलेल्या कृतीला संरक्षण देतं. हे कलम इच्छा कळू शकत नाही तेव्हासाठी आहे. कळलेली इच्छा माणूस बेशुद्ध पडायची वाट पाहून मोडण्यासाठी ते आहे असं मी वाचत नाही. म्हणून तो बोलू शकतोय तोवरच विचारून ठेवा: "पुढे तुम्ही बोलू शकला नाहीत आणि पाय काढला तरच जीव वाचेल अशी वेळ आली, तर काय करू?" उत्तर त्याच्याच शब्दांत लिहा. कित्येक जण इथे वेगळं उत्तर देतात: "तेव्हा मुलं म्हणतील ते करा." मग मार्ग मोकळा झाला. आणि "तेव्हाही नको" म्हणाला तर तोच त्याचा निर्णय. मूळ नकार समजून-उमजून होता का याचीच खरी शंका असेल, ताप-भ्रमात दिलेला असेल, किंवा परिणाम सांगितलेच गेले नसतील, तर झुकतं माप जीव वाचवण्याला द्या आणि शंका का होती ते लिहा.

इच्छापत्राबद्दल थोडक्यात. ९ मार्च २०१८ च्या कॉमन कॉज निकालाने उपचार नाकारण्याचा सज्ञान माणसाचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र दोन्ही मान्य केले. २४ जानेवारी २०२३ ला प्रक्रिया सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे, आता न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत नाही. त्यात आपल्या वतीने बोलणाऱ्या एक किंवा अधिक व्यक्तींची नावं देता येतात. मात्र जीवरक्षक उपचार थांबवायचे तर प्राथमिक आणि दुय्यम अशा दोन वैद्यकीय मंडळांचं मत लागतं, आणि दोन्हींनी शक्यतो ४८ तासांत सांगायचं असतं. इच्छापत्र लागू होतं ते माणूस स्वतः ठरवू शकत नाही तेव्हाच. तुमचा पेशंट बोलतोय, तर त्याचं बोलणं हेच पहिलं.

हक्काला हद्दीही आहेत. नाकारता येतं, पण डॉक्टरला चुकीचा वाटणारा उपचार हक्काने मागता येत नाही. अल्पवयीन मुलाचे पालक जीव वाचवणारा उपचार नाकारत असतील तर ते मुलाच्या वतीने बोलतायत, स्वतःच्या नाही. बालकल्याण समिती, १०९८, पोलीस, यांना लगेच कळवा आणि कळवल्याची वेळ लिहा. आणि वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण (अपघात, मारहाण, विषबाधा) असेल तर पेशंटच्या नकाराने पोलिसांना कळवणं थांबत नाही.

प्रसूती_कक्ष

उलट बाजूही लिहून ठेवते. बाळाचे ठोके मंदावतायत, बाई स्वतः "करा सिझर" म्हणते, आणि सासू-नवरा "थांबा, नॉर्मल होईल" म्हणून सही देत नाहीत. बाई १८ च्या पुढची आणि शुद्धीवर असेल तर तिची सही पुरेशी आहे, ओटीकडे न्या. नवऱ्याला सांगा, पण त्याच्यासाठी थांबू नका. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यातही सज्ञान स्त्रीची स्वतःचीच संमती लागते. आणि ती स्वतः सिझरला नको म्हणत असेल तर कळा चालू असतानाही दोन कळांच्या मध्ये, तिच्याकडे तोंड करून, छोट्या वाक्यांत पुन्हा सांगा. कळ चालू असताना घेतलेला होकार आणि नकार दोन्ही कच्चे.

इन्चार्ज_सिस्टर

डॉक्टर मंडळी ऑपरेशनवर बोलतायत. वॉर्डात नकार दिवसाला दहा येतात: गोळी नको, नळी नको, लघवीची पिशवी नको, सुई नको. त्याची रीतही तीच आहे, फक्त छोटी. औषधाच्या तक्त्यावर चौकोन रिकामा सोडू नका, कारण रिकामा चौकोन म्हणजे 'विसरली' असा अर्थ निघतो. 'नाकारले', वेळ, कारण आणि कुणाला कळवलं ते लिहा. इन्सुलिन, फिट्सची गोळी, रक्त पातळ करायचं औषध, अँटिबायोटिक यांपैकी काही नाकारलं तर पुढच्या राउंडची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना फोन. चहात, भातात गोळी कुटून घालू नका. नातेवाईक फार गळ घालतात, पण त्या पेशंटचा आपल्यावरचा विश्वास एकदा गेला की जेवणही जातं.

नाकातली नळी काढून टाकणाऱ्याचे हात बांधायच्या आधी नळीने दुखतंय का, टेप नाकपुडीला काचतोय का, ते बघा. निम्म्या वेळा टेप बदलला की माणूस शांत होतो.

आता घरी जाणाऱ्यांचं. 'लामा' (डॉक्टरांचा सल्ला मोडून घरी जाणं) म्हटलं की वॉर्डाचा सूर बदलतो, जणू पेशंटने अपमान केलाय. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. पेशंट कॅन्युला (सलाईनची सुई) हातात तशीच घेऊन घरी जातो. लघवीची नळी तशीच राहते. रिपोर्ट फायलीतच राहतात, डिस्चार्ज कार्ड 'बिल भरा मग' म्हणून अडवलं जातं, नाही तर त्यावर औषधंच लिहीत नाहीत. सल्ला मोडून जाणाऱ्यालाही पूर्ण कार्ड द्यायचं: निदान, काय दिलं, काय सुचवलं होतं, काय नाकारलं, आता कोणती औषधं किती दिवस. वर उदाहरण दिलंय त्या पेशंटला निदान पाच दिवसांच्या गोळ्या, इन्सुलिनचं प्रमाण, ड्रेसिंग कुठे करायचं, आणि परत यायची लक्षणं तोंडी आणि लेखी. "थंडी वाजून ताप, बरळणं, लघवी कमी, काळेपणा घोट्याकडे चढणं, यांपैकी एक जरी झालं तरी १०८ ला फोन." आणि शेवटी हे वाक्य मोठ्याने बोला: "कधीही परत आलात तरी घेऊ." लोकांना खरंच वाटतं की एकदा सही करून गेलं की परत दार बंद. त्या भीतीपायी दोन दिवस उशीर करतात आणि जीव जातो.

सही द्यायलाच नकार दिला तर अडवून ठेवू नका. 'सही करण्यास नकार' असं लिहून दोन कर्मचाऱ्यांच्या सह्या, वेळेसह.

भूलतज्ज्ञ_रात्रपाळी

दोन गोष्टी. मिडाझोलम (गुंगीचं औषध) दिल्यानंतर घेतलेला अंगठा संमती नाही आणि नकारही नाही. संमती प्रीमेडिकेशनच्या (भुलीआधीच्या औषधांच्या) आधी, वॉर्डात, शक्यतो आदल्या दिवशी. ओटीत साइन-इनच्या (भुलीआधीच्या पडताळणीच्या) वेळी नाव, बाजू, ऑपरेशन पेशंटकडूनच वदवून घ्या. टेबलावर तो "नको" म्हणाला तर संमती मागे घेतली गेली. भूल थांबवा, सर्जनला समोर बोलवा. बऱ्याचदा ती भीतीच असते आणि पाच मिनिटांत निवळते. पण "आता काय, सही झालीय" असं म्हणून मास्क लावायचा नाही.

दुसरं, रक्त नाकारणारे, विशेषतः यहोवाचे साक्षीदार (रक्त घेणं धर्माविरुद्ध मानणारा ख्रिस्ती पंथ). 'रक्त नको' एवढ्यावर थांबू नका. लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट, अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन, रक्त गोठवणारे घटक, स्वतःचंच गोळा करून परत दिलेलं रक्त, प्रत्येकाला वेगळं हो-नाही घ्या, कारण माणसागणिक उत्तर बदलतं. एकट्याने विचारा, मंडळीतल्या कुणासमोर नाही. वेळ असेल तर लोहाचं इंजेक्शन देऊन हिमोग्लोबिन वाढवा, टेबलावर रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड, तपासणीला लहान मुलांच्या बाटल्या वापरून कमी रक्त काढा. "रक्तस्राव होऊन मरायची वेळ आली तरी नको का?" हा प्रश्न शब्दशः विचारा आणि उत्तर शब्दशः लिहा.

ग्रामीण_एमओ

हे सगळं वाचून नोंदीचा नमुना तयार केलाय. आधी 'पेशंट नॉट विलिंग, रिलेटिव्ह्ज एक्सप्लेन्ड, साइन टेकन' एवढीच असायची. आता अशी:

'दि. __, रात्री ११.१० ते ११.४०. रुग्ण जागा, स्थळ-काळ-व्यक्तीचं भान आहे. वार उलटे बरोबर सांगितले. शुगर २१०, ऑक्सिजन ९७, ताप १००.४. मराठीतून, सिस्टरसमोर, पहिली १० मिनिटं मुलांशिवाय बोलणं. सांगितलं: उजव्या पावलाचं ओलं गँगरीन, गुडघ्याखाली पाय काढण्याचा सल्ला, पर्याय म्हणून पू काढणं व दोन बोटं काढणं, त्याने न भागल्यास पुन्हा ऑपरेशन आणि गुडघा जाण्याचा धोका, काहीच न केल्यास विष रक्तात भिनून मृत्यूची शक्यता. रुग्णाचे शब्द: "पाय ठेवला तर मरू शकतो हे कळलं. तरी पाय नको. घाण काढा, बोटं काढा." कारण: भुलीची भीती, घरातला संडास. भूलतज्ज्ञांशी बोलणं करून दिलं. पू व बोटं काढण्यास संमती, पाय काढण्यास नकार. अँटिबायोटिक, इन्सुलिन, सलाईन चालू. सकाळी ७ ला पुन्हा बोलणार. डॉक्टर, सिस्टर, रुग्णाच्या सह्या.'

काही राहिलं का?

पायाचा_सर्जन

चांगली आहे. काळेपणाची आणि लालीची कड पेनाने पायावर आखा, वेळ लिहा, नोंदीतही 'कड आखली' लिहा. सकाळी रेघेच्या दोन बोटांएवढी वर चढलेली कड त्याला स्वतःला दाखवता येते, आणि नाही चढली तर आपल्यालाही घाई कमी करता येते.

वैद्यक_विधी

एक ओळ राहिलीय, 'बेशुद्ध झालो तर' ची. रुग्णाच्या शब्दांखाली तिला जागा करा. आणि अंगठा असेल तर कोणत्या हाताचा ते लिहून, मजकूर वाचून दाखवणाऱ्याची वेगळी सही घ्या. साक्षीदार मुलगा नको, त्या वेळी खोलीत हजर असलेली सिस्टर चालेल.

इन्चार्ज_सिस्टर

आणि 'सकाळी ७ ला पुन्हा' हे रात्रपाळीच्या हँडओव्हर वहीतही लिहा. केस पेपरवरचं कुणी सकाळी सातला वाचत नाही.